संदेश एकदाच दिसावा, पण दिसावा!

सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीच्या चुका पोटात घाला. कोडमधल्या चुका मात्र घालू नका, कारण मागच्या सेमिस्टरला त्या सात जणांच्या पोटावरच आल्या होत्या.

झालं असं, की आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून होस्टेलच्या मेससाठी पीएचपीमध्ये एक वेब ॲप्लिकेशन बनवलं. शनिवारी गावी जाणाऱ्याने रजेचा फॉर्म भरायचा, बटण दाबलं की वर हिरव्या पट्टीत "तुमची रजा नोंदवली" असं यायचं. मेसचे काका स्क्रीनवरचा आकडा बघून कणीक भिजवायचे. पहिल्याच शनिवारी 31 पोरं गावी गेली आणि नोंदी निघाल्या 38. शेवटी आलेल्या सात जणांना नुसत्या भातावर भागवावं लागलं. काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या कम्प्युटरनं सांगतलं तेवढ्याच पोया लाटल्या, बाप्पा."

रात्री लॉग चाळला. बऱ्याच जणांनी फॉर्म भरल्यावर पान रिफ्रेश केलं होतं. आमचा सर्व्हर नोंद करून त्याच उत्तरात हिरव्या पट्टीचं पान पाठवत होता. अशा वेळी ब्राउझरच्या लेखी शेवटची विनंती 'पोस्ट' असते आणि रिफ्रेश म्हणजे तीच पोस्ट पुन्हा! ब्राउझर आधी विचारतो खरा, पण ती चौकट वाचतो कोण? सगळे ओके दाबून मोकळे.

यावरचा उपाय जुनाच आहे, पोस्ट-रिडायरेक्ट-गेट. सर्व्हरने नोंद करायची आणि पान न देता 303 हा कोड व नवा पत्ता द्यायचा. ब्राउझर त्या पत्त्यावर साधी 'गेट' विनंती करतो. आता कितीही रिफ्रेश करा, नोंद वाढत नाही. पण इथे नवीनच पंचाईत. ही गेट विनंती म्हणजे सर्व्हरसाठी अनोळखी पाहुणा, कारण एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही. मग "रजा नोंदवली" हे सांगायचं कोणी?

म्हणून कुकी. 1994 साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ती आणली. कुकीत सेशनचा क्रमांक असतो आणि सेशनचा मजकूर सर्व्हरवर. रिडायरेक्ट करण्याआधी संदेश सेशनमध्ये ठेवायचा, पुढच्या पानावर तो दाखवायचा आणि लगेच पुसायचा. पुसायला विसरलात तर प्रत्येक पानावर तीच हिरवी पट्टी. याला म्हणतात फ्लॅश मेसेज. (डिसेंबर 2020 मध्ये बंद झालेल्या ॲडोबीच्या फ्लॅशशी याचा काही संबंध नाही. मी आधी तेच समजलो होतो.)

आमच्या शाळेत शिपाईकाका नोटीस-वही घेऊन वर्गावर्गात यायचे. टीचर एकदा वाचून दाखवणार, सही करणार, वही पुढच्या वर्गात. नेमकं तेव्हा पाणी प्यायला गेलेल्याला काय कळणार? फ्लॅश मेसेजचंही अगदी तसंच आहे. रुबी ऑन रेल्समध्ये तो फक्त पुढच्या विनंतीपुरता टिकतो. मध्ये आणखी एक रिडायरेक्ट आला तर गेला बिचारा, मुद्दाम राखून ठेवावा लागतो. जँगोमध्ये उलट आहे. पानाने संदेश वाचेपर्यंत तो साठून राहतो. टेम्पलेटमध्ये दाखवायची ओळच विसरलात, तर जुने संदेश भलत्याच पानावर एकदम उगवतात.

आमच्याकडे पुढच्या शनिवारीही दोन नोंदी जास्त निघाल्या. मेहकरच्या एका मित्राने दोन टॅब उघडे ठेवले होते. सेशन दोन्हींचं एकच. संदेश दुसऱ्या टॅबने आधी उचलला आणि पुसून टाकला. ह्याच्या समोर पट्टीच आली नाही. एसटी सुटायची वेळ झालेली, गड्याने फॉर्म पुन्हा भरला. चूक त्याची मुळीच नव्हती. रजा मिळाली की नाही, हे आम्ही एकदाच झळकणाऱ्या पट्टीच्या भरवशावर सोडलं होतं. आता रिडायरेक्टनंतरचं पान थेट डेटाबेसमधून रजेच्या तारखा आणि नोंद क्रमांक दाखवतं. पट्टी हुकली तरी बिघडत नाही. शिवाय रोल नंबर आणि तारीख मिळून युनिक की लावली, त्यामुळे दुसरी नोंद होतच नाही. हे पहिल्या दिवशीच का केलं नाही, असं सरांनी व्हायवात विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

"सोमवारपासून जेवणाची वेळ बदलली" ही सूचना मात्र वेगळ्या जातीची. तीही प्रत्येकाला एकदाच दाखवायची, पण कोण कधी लॉगिन करेल याचा नेम नाही. तिथे सेशन कामाचं नाही. आम्ही 'पाहिलं' ही खूण ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवून बघितली. लॅबच्या पीसीवर एकाने सूचना बंद केली की त्याच पीसीवर नंतर बसणाऱ्या कोणालाच ती दिसेना! शेवटी डेटाबेसमध्येच वेगळं टेबल केलं. त्यात सूचना क्रमांक, विद्यार्थी क्रमांक, वाचल्याची वेळ. थोडक्यात नोटीस-वहीतली सही, फक्त टीचरऐवजी प्रत्येक मुलाची.

सही कधी धरायची यावर आमचं भांडण झालं. पान पाठवलं की, असं दोघांचं मत. माझं म्हणणं, 'वाचलं' बटण दाबल्यावरच, कारण पान गेलं म्हणजे वाचलं असं थोडंच आहे? माझं चाललं. काका मात्र अजूनही शनिवारी संध्याकाळी मजल्यांवरून एक चक्कर मारतात, दिवे मोजतात आणि मगच कणीक भिजवतात.