विसरणाऱ्या माणसाला सांभाळताना
आजोबा विहिरीवरची मोटर चालू करून विसरतात, जेवून उठले तरी पुन्हा ताट मागतात. घरचे म्हणतात, म्हातारचळ. पण हा मेंदूचा आजार, स्मृतिभ्रंश, असू शकतो. मोबाइलवर त्याच्या गोळ्या-तेले विकणारे पुष्कळ. तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप निघालेले नाही. तसे सांगणाऱ्यास पैसे देऊ नयेत. मात्र थायरॉईडच्या बिघाडाने वा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो व तो उपचाराने सुधारू शकतो, म्हणून आधी तपासणी. गावाहून हैदराबादेस येणाऱ्यांना पंजागुट्ट्यास निम्स रुग्णालयात मेंदूविकार विभाग आहे.

घरबसल्या विचारायचे तर १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी. तिची सुरुवात २०१७ साली हैदराबादेतच झाली. सांभाळणारी सून खचली असेल (तिची विचारपूस कोण करतो?) तर तिने १४४१६ वर टेलिमानसला फोन करावा, तो रात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

कीटकनाशके कुलपात ठेवावीत. आजोबांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी असावी. आणि रविवारी सून मिस्साला जाईल तेव्हा शेजाऱ्यांपैकी कोणी तासभर त्यांच्याजवळ बसावे.