गाडीचे पासिंग होते, ड्रायव्हरच्या मनाचे काय?

ट्रक आठ वर्षांहून जुना झाला की दरवर्षी पासिंग करावे लागते. ब्रेक, लाइट, टायर तपासून मगच फिटनेसचा कागद मिळतो. तो ट्रक चालवणाऱ्या माणसाला मात्र पाच वर्षांतून एकदा, लायसन्स रिन्यू करताना, डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या दाखल्याला फॉर्म १-ए म्हणतात. त्यात डॉक्टरांनी नजर, रातांधळेपणा, ऐकू येणे आणि हातपाय यांकडे लक्ष द्यायचे असते. झोप किती होते, मन कसे आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यासाठी त्यात रकाना नाही. सोबतच्या स्वयंघोषणेत फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, लोकांना धोका होईल असा काही आजार आहे का, एवढे विचारलेले असते. ज्याचे पोट स्टेअरिंगवर चालते तो तिथे ‘हो’ कशाला लिहील?

सातारा-सांगलीच्या वस्त्यांमध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरात ड्रायव्हर असतोच. कुणी बंगळूर-पुणे लाइनला ट्रक चालवतो, कुणी गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर ओढतो, कुणी तासगावची द्राक्षे टेम्पोत भरून रातोरात बाजारात पोचवतो. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूलाही आपलीच माणसे असतात. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकी बोगद्याजवळच्या वळणावर मजुरांचा टेम्पो उलटला आणि डझनाहून अधिक कष्टकरी एका पहाटे गेले. म्हणून ड्रायव्हरच्या मनाचा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतो आहोत.

हा विषय निघाला की लोकांना स्वारगेट आठवते. २५ जानेवारी २०१२ रोजी एसटीचा चालक संतोष माने याने स्वारगेट स्थानकातून बस पळवली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांचा जीव घेतला, ३७ जण जखमी झाले. ड्युटी बदलून मिळाली नाही या रागातून त्याने हे केले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तो मानसिक रुग्ण होता, असे बचाव पक्षाचे. न्यायालयाने वेडेपणाचा बचाव मान्य केला नाही. फाशीची शिक्षा झाली, ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. त्या घटनेनंतर मनाचा आजार असलेला ड्रायव्हर म्हणजे गाडी घेऊन सुटलेला माणूस, असे एक चित्र लोकांच्या डोक्यात बसले. आमच्या मते हे चित्र फार नुकसान करते. असे प्रकार अगदी विरळा. रोजचा धोका शांतपणे येतो. दोन रात्री न झोपलेला, आतून खचलेला, कुणाला न सांगता गोळ्या अर्धवट सोडलेला किंवा दारूवर झोप काढणारा माणूस, तोंडावर काही न दाखवता, वीस टनांची गाडी घेऊन घाट उतरत असतो.

आणि हे चित्र जितके भीतिदायक, तितका माणूस आजार लपवतो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने मुद्दाम आल्प्स पर्वतावर आदळवले. १५० माणसे गेली. त्याने आजार कंपनीपासून लपवला होता. डॉक्टरांनी दिलेली रजेची चिठ्ठी त्याच्या घरी फाडलेली सापडली. वैमानिकांची तर कडक वैद्यकीय तपासणी होत असते. तिथेही नोकरी जाईल या भीतीपुढे तपासणी कमी पडली, तर आपल्या फॉर्म १-ए चे काय घेऊन बसलात! म्हणून खरी तपासणी घरातच होऊ शकते. लाइनवरून परतलेल्या माणसाला बायको आणि आई जेवढे ओळखतात, तेवढे पाच मिनिटे पाहणारा डॉक्टर ओळखू शकत नाही.

आधी झोप

मनाच्या बहुतेक आजारांची पहिली खूण झोपेत दिसते, आणि झोप मोडली की चांगले मनही बिघडते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून पाहिले. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा मंदावतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही गाडी हाकणारा ड्रायव्हर थेंबही न पिता प्यालेल्यासारखाच असतो, फक्त पोलिसांच्या यंत्रात ते दिसत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपतो. साठच्या वेगात चार सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या पुढे जाते. रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार हे सर्वांत वाईट तास. कर्नाटकातून रात्रभर निघालेली गाडी पेठ नाका, कराड, उंब्रजला येते ती नेमकी याच पहाटे.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक. सरकारी तक्त्यात कारणे असतात : वेग, दारू-नशा, उलट्या बाजूने गाडी, मोबाइल, सिग्नल तोडणे. झोपेला वेगळा रकाना नाही, ती ‘इतर’मध्ये जाते, नाहीतर वेगातच मिसळते.

याचा सगळा दोष ड्रायव्हरवर टाकणे आम्हाला मान्य नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे घालून दिले. लांब पल्ल्याला फार तर दहा तास. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एक-दोन ट्रकवाल्या मालकाकडचा ड्रायव्हर त्याच्या बाहेरच राहिला. बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री असतानाच १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला गेला. ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत तो हिशेब आजही पोचलेला नाही. भाडे फेऱ्यांवर आणि भत्ता वेळेत पोचण्यावर ठरतो, तोवर जागरण चालूच राहणार.

तरी हातात काही गोष्टी आहेत. डोळे जड झाले की खिडकी उघडून, गाणी लावून झोप जात नाही. गाडी बाजूला, सुरक्षित जागी लावायची, एक कप चहा प्यायचा आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटायचे. चहाचा परिणाम सुरू होईतो जाग येते. जो मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि भरपूर झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मोठ्या रुग्णालयात दाखवा.

घरात काय दिसते

उदास मनाचा आजार झालेला माणूस रडेलच असे नाही. तो चिडतो, घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही, जेवण टाकतो, पहाटे तीनला उठून बसतो. ‘लक्ष लागत नाही’, ‘वळण कधी गेले कळलेच नाही’ असे म्हणू लागला तर ते गंभीर घ्या. ‘एकदा गाडी दरीत घातली की सुटलो’ हे वाक्य चेष्टेत आले तरी त्या दिवशी चावी त्याच्या हातात देऊ नका.

अपघात पाहिलेला किंवा त्यातून वाचलेला ड्रायव्हर-क्लीनर वेगळा ओळखावा. महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे येते, स्वप्नात ओरडतो, ती जागा आली की हात थरथरतात. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा लाइनला जाते, माणसाच्या दुरुस्तीचे कुणी विचारत नाही.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे उन्मादाची. माणूस दोन रात्री झोपत नाही आणि तरी ताजातवाना दिसतो. खूप बोलतो, पैसे उडवतो, आपल्याला काही होणार नाही असे त्याला वाटते. मालक खूश असतो, ‘वाघ आहे गडी, न थांबता गाडी आणली’ म्हणून पाठ थोपटतो. घरच्यांनी मात्र अशा वेळी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मागची गाडी आपलाच पाठलाग करते आहे, कुणीतरी कानात बोलते आहे, असे सांगणाऱ्यानेही त्या घडीला गाडी चालवायची नाही, यात दुमत नको.

आजार झाला म्हणजे स्टेअरिंग कायमचे सुटले असे नाही. ब्रिटनमध्ये अशा तीव्र आजारातून उठलेल्या लॉरीचालकाला साधारण १२ महिने प्रकृती स्थिर राहिल्यावर पुन्हा जड गाडी चालवू देतात. आपल्याकडे असे ठरलेले महिने नाहीत. आजार, औषध आणि माणूस पाहून मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. साध्या उदासीनतेत किंवा चिंतेत उपचार लागू पडले की पुष्कळजण कामावर परततात. तोवर मालकाशी बोलून जवळच्या, दिवसाच्या फेऱ्या, भरणी-उतरणीची देखरेख किंवा जोडीला दुसरा ड्रायव्हर मागता येतो. घराचा हप्ता थांबत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच एक महिन्याचा हप्ता भावकीने किंवा बचत गटाने उचलला, तर तो उपचाराचाच भाग समजावा.

गोळ्यांविषयी थोडे सविस्तर. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी, अमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन यांनीही गुंगी येते. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांनीही येते, ती तर मेडिकलमधून न विचारता घेतली जातात. नवीन औषध सुरू झाले किंवा डोस वाढला की पहिले काही दिवस, डॉक्टर सांगतील तोवर, गाडी बंद. झोप येते म्हणून लाइनवर असताना गोळी टाळणे हे त्याहून वाईट, कारण आजार उलटतो. त्यापेक्षा ‘मी रात्री ट्रक चालवतो’ हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, गुंगी कमी आणणारे औषध किंवा वेगळी वेळ देता येते. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायला हवे. गाडी थांबवावी लागते म्हणून ड्रायव्हर पाणी कमी पितात, आणि वरून अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतात. दोन्हींमुळे लिथियम रक्तात वाढून विषबाधा होऊ शकते. दारू तर यांपैकी कोणत्याही गोळीबरोबर नकोच. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतोच. ड्रायव्हरच्या बाबतीत ते बाकीच्या रस्त्याचेही रक्षण करते. दारू सुटत नसेल तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र आहे.

अजूनही कुणी ‘घाटात काहीतरी लागले’ म्हणून पोराला देवऋष्याकडे नेतो, ते बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात व्हावे याचे वाईट वाटते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मालकाला कळेल या भीतीने कुणी थांबू नये. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार डॉक्टरांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा गरजेपुरतीच सांगता येते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग म्हणून विचारा. लाइनवर असताना कुठूनही १४४१६ हा टेली-मानस क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. पहिल्यांदा जाताना माणसाला एकटे पाठवू नका. झोप कधीपासून बिघडली ते बायकोने किंवा आईने सांगावे, आणि घरात असतील तेवढ्या जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.