मातीच्या गिलाव्यावरील पंधरा शतके

अजिंठ्याच्या चित्रांविषयी लिहिताना पद्मपाणीच्या मुद्रेचे व जातककथांचे वर्णन विपुल होते. परंतु ज्या मातीने ही चित्रे पेलली आहेत, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, वाघोरा नदीच्या वळणावर, ही लेणी बेसाल्ट खडकात कोरलेली आहेत. टाकीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या भिंतीवर प्रथम मातीचा गिलावा चढविला जाई. त्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू व वाळू मिसळीत. त्यावर बारीक थर, मग पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग साधेच. निळा मात्र अफगाणिस्तानातील लाजवर्दाचा होता. म्हणजे ओल्या चुन्यावर रंगविण्याची युरोपीय पद्धत ही नव्हे.

गिलाव्याला धरून ठेवणारे तूस व तंतूच पुढे किड्यांचे खाद्य ठरले. याबाबतीत वेरूळचा दाखला उद्बोधक आहे. राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. तेथे किड्यांचा उपद्रव कमी दिसतो. अजिंठ्यात भांग वापरल्याचे आढळले नाही. तथापि वेरूळ येथे मुळात चित्रेच थोडी उरली आहेत, हे विसरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. किड्यांखेरीज पाझरणारे पाणी, वटवाघळे आणि माणूस हेही कारणीभूत आहेत.

माणसाचा उपद्रव कधी सद्हेतूनेही झाला. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची दुरुस्ती करविली. सुटणारा गिलावा त्यांनी सावरला, परंतु वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला व मूळ रंग झाकोळले. तो काढणे हे नंतरच्या रसायनतज्ज्ञांचे फार जिकिरीचे काम झाले. १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ जागतिक वारसा यादीत आले. गर्दीच्या श्वासातील बाष्पही भिंतीवर परिणाम करते. खाजगी वाहने फर्दापूरजवळच थांबविण्यात येतात, तीही धूर व वर्दळ दूर राहावी म्हणूनच.

सहलीस नेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भिंतीस हात न लावता गिलाव्याची तुटलेली कड अवश्य दाखवावी. काही ठिकाणी मातीत रुतलेले तूस व काड्या तेथे अद्याप स्पष्ट दिसतात.