दुसरं तिरकिट

विलंबित एकतालाच्या ठेक्यात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या मात्रेवर. दहाव्याच्या पाठोपाठ 'धी ना' वाजलं की सम. चौथ्याच्या पाठोपाठ 'तू ना' येतं आणि सातव्या मात्रेवर 'कत्'. माझ्या मुलीने संगीताच्या प्रवेशपरीक्षेत मुखडा उचलला तो पहिल्या तिरकिटावर. ती समेवर उतरली तेव्हा तबल्यावर 'कत्' वाजत होतं.

मी बाहेर व्हरांड्यात इतर पालकांबरोबर बसले होते. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. आतल्या बाईंनी गाणं थांबवलं आणि प्रेमानेच म्हणाल्या, "ठेका ऐक बाळ, आणि जिथे होतीस तिथून पुन्हा घे." तिने पुन्हा घेतलं, पण अगदी सुरुवातीपासून, बंदिशीच्या पहिल्या अक्षरापासून. मधून घेणं तिला कधी शिकवलेलंच नव्हतं. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. त्यानंतरच्या वर्षभरात आम्हाला जे उमगलं ते कोकणातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहून ठेवते आहे, कारण शहरातल्या मुलांच्या कानावर आपोआप पडणाऱ्या कितीतरी गोष्टी आंजर्ल्यासारख्या गावात कुणी सांगत नाही.

आमच्या गावात गाणं नाही असं नाही. कड्यावरच्या गणपतीचा माघी उत्सव आहे, भजनं आहेत, कीर्तनं आहेत, घरोघरी पेटी आहे. माझी मुलगी मध्यमा पूर्णची परीक्षा पास झालेली होती, तीही चांगल्या गुणांनी. नव्हता तो साथीला रोज बसणारा तबलजी. तिचा सगळा रियाज मोबाइलवरच्या तबल्याबरोबर झाला. त्या तबल्यात पडद्यावर मात्रेचा आकडा पळत असतो आणि सम आली की रंग बदलतो. मुलं ठेका ऐकत नाहीत, आकडा पाहतात. शिवाय यंत्र प्रत्येक आवर्तन तंतोतंत तसंच वाजवतं. माणूस तसं वाजवत नाही. तो दोन मात्रांमधली जागा भरतो, गाणाऱ्याचा अंदाज घेतो, लय कणभर सैल सोडतो किंवा आवळतो. अशा जिवंत ठेक्यापुढे पहिल्यांदाच बसायचं आणि तेही परीक्षकांसमोर, म्हणजे मुलावर अन्यायच आहे.

त्यात आम्ही शहरातल्या एका ऑनलाइन वर्गाला पैसे भरले होते. प्रवेशाची खात्रीशीर तयारी करून देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी यमनची दहा मिनिटं बांधून दिली. कुठला आलाप, कितवी तान, तिहाई कुठे, सगळं ठरलेलं. मुलीने ते घोटून पाठ केलं आणि ऐकायला ते खरोखर सुंदर लागायचं. पण नेटवरून आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे शिकवणारा एका टोकाला ठेका धरतोय आणि शिकणारा दुसऱ्या टोकाला त्यावर गातोय हे नीट जमूच शकत नाही. तिथे फक्त आळीपाळीने गाता येतं. म्हणजे तालाचा कस लागायला हवा, नेमक्या तिथेच हा वर्ग अपुरा पडतो. ऑनलाइन शिकणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बंदिशी, रागाचं चलन, आवाजाची फेक, यासाठी दूरच्या चांगल्या गुरूचा आधार मोठा असतो. पण बांधून दिलेली दहा मिनिटं विकणाऱ्यांपासून दूर राहा.

कारण त्या खोलीत ती दहा मिनिटं कुणी पूर्ण ऐकत नाही. मुलीला दोन-तीन मिनिटांतच थांबवलं, आणि नंतर भेटलेल्या बहुतेक मुलांचाही अनुभव तोच. पुढे जे होतं ती खरी परीक्षा. परीक्षक एखादी स्वरावली गातात आणि "म्हण" म्हणतात. जमली की जरा वळवून पुन्हा देतात. सरगम गायलीस, आता तेच आकारात गा. हाताने ताल धरून बोल म्हण, आता दुगुन. भूप गातेस ना, मग देसकार कसा वेगळा ते दाखव. दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, पण भूप गंधारावर विसावतो आणि पूर्वांगात फुलतो, देसकार सकाळचा, धैवताला धरून वरच्या अंगाने जातो. हे पुस्तकातून वाचून सांगितलं तर लगेच कळतं. गाऊन दाखवावं लागतं. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही, आणि तरी तीन वेगळे राग.

पुढच्या वर्षी प्रवेश झाल्यावर तिच्या गुरूंनी मला एकदा सांगितलं, "ताई, गाणं आलेलं मूल आम्ही शोधत नसतो. चूक सांगितल्यावर त्याच क्षणी ते काय करतं, ते बघतो." मला वाटतं सगळ्या तयारीचं मर्म यात आहे. तुमचं मूल शिकवण्याजोगं आहे का, हे तिथे पाहतात. तेव्हा घरी एकच राग तासभर गाऊन घेण्याबरोबर रोज थोडा वेळ कुणीतरी काहीही गावं आणि मुलाने ते ऐकून लगेच गावं, चुकलं तर लगेच बदलावं, हा सराव हवा. आईने गायलेल्या चार ओळीही चालतात. मी पडवीत बसून ओव्यांच्या चाली म्हणायचे आणि ती त्यांचे स्वर ओळखायची.

रागाची निवड करताना एक व्यवहार लक्षात ठेवा. परीक्षेची वेळ तुमच्या हातात नसते. सकाळी नंबर लागला आणि मुलाकडे फक्त यमन आणि बागेश्री असेल तर काही परीक्षक चालवून घेतात, काही नाही. एक सकाळचा राग, भैरव, तोडी किंवा अल्हैया बिलावल, एक दुपारचा, भीमपलास किंवा वृंदावनी सारंग, आणि एक संध्याकाळ-रात्रीचा, एवढी शिदोरी असावी. अवघड, अनवट राग घेऊन प्रभाव पाडायला जाऊ नये. सोप्या रागात मुलाचा सूर उघडा दिसतो आणि परीक्षकांना तोच हवा असतो. नाट्यगीतं आमच्या भागाचा जीव की प्राण, पण ती शेवटी, मागितली तरच. तिथे ख्याल ऐकायचा असतो.

आता पट्टीविषयी. भजनात पेटी पुरुषांच्या सोयीने काळी एक किंवा दोनमध्ये लावलेली असते आणि मुली तिच्याबरोबर कधी खाली दबून, कधी वर ओरडून गातात. अनेक मुलींचा स्वाभाविक आवाज काळी चार-पाचच्या आसपास असतो. आपली पट्टी कोणती, हे बारावीच्या वर्षी कळून उपयोग नाही. निदान दोन वर्षं त्याच पट्टीत खर्जापासून गायलेलं हवं. आणि पेटीचा हात सोडून. प्रत्येक स्वराला पेटी लागणारं मूल नुसत्या तानपुऱ्यावर बसवलं की गोंधळतं. प्रवेशपरीक्षेत पेटीची साथ असेलच असं धरून चालू नका.

तानपुरा तर जुळवताच आला पाहिजे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमच्या आगरातल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस गावात वीज नव्हती. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मोबाइल, सगळं गप्प. मी माळ्यावरचा सासऱ्यांचा तानपुरा काढला, तारा बदलल्या आणि मुलीपुढे ठेवला. पंचमाची तार, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, एवढंच जुळवायचं, पण तिला ते बराच वेळ जमलं नाही. यंत्रातून सूर तयार मिळत असल्यामुळे कान तो शोधायला शिकलेलाच नव्हता. त्या अंधारात ती जे शिकली ते पुढे फार उपयोगी पडलं, कारण दुसऱ्या वर्षी परीक्षकांनी तानपुऱ्याची पहिली तार उतरवून ठेवली होती आणि "लाव" एवढंच म्हणाले. पूरिया गाणार असाल तर ती तार निषादावर, मालकंसाला मध्यमावर, हेही हाताला माहीत असावं.

कुठे अर्ज करायचा? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीने पदवी देतं, म्हणजे विद्यापीठाची चौकट आणि आत गुरूसमोर बसणं. मुंबई विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीताचे विभाग आहेत, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. गोव्यात पणजीला कला अकादमी आणि संगीत महाविद्यालय आहे, आणि दक्षिण कोकणातल्या मुलांनी तिकडचाही विचार करावा. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं महाविद्यालय मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या संगीतशाळेतून वाढलेलं, आणि छत्तीसगडच्या खैरागढला 1956 पासून संगीत आणि कलांचंच विद्यापीठ आहे. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी वेगळी: तिथे पदवी नाही, निवड झालेली मुलं गुरूंजवळ राहून शिकतात. उल्हास कशाळकरांसारख्या मराठी गायकाने तिथे कितीतरी वर्षं शिकवलं. संस्थेचं नाव बघण्याआधी तिथे कोण शिकवतात ते बघा. त्यांचं गाणं ऐका, त्यांच्या शिष्यांचंही ऐका. मुलीला "कुणाचं गाणं ऐकतेस?" असा प्रश्न आला होता आणि या प्रश्नाचं उत्तर एका दिवसात तयार करता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आधार कार्डावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना, ते अकरावीतच पाहा. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला पावसाआधी काढून ठेवा. जून-जुलैत गावात नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून शेवटच्या तारखेची वाट न पाहता दापोलीला जाऊन अर्ज भरा आणि पावती छापून घ्या. वर्ष वाया जाऊ नये म्हणून जवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेणं शहाणपणाचंच, फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे अडकला तर परत कसा मिळेल ते आधी विचारा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या एसटीने घाट चढून सकाळी थेट गायला बसवू नका. एक दिवस आधी पोचा, मुलाला झोपू द्या.

प्रमाणपत्रांविषयी माझं मत स्पष्ट आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, म्हणून आज प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आडगावच्या मुलीलाही देता येतात. घरंदाज गुरूच्या दाराशी वर्षानुवर्षं पडून राहण्यावाचून जिथे मार्ग नव्हता, तिथे हे फार मोठं काम झालं. पण आता दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं परीक्षा पार करत जातात आणि आईवडिलांना वाटतं, गाणं आलं. माझ्या मुलीच्या गुणपत्रिका त्या खोलीत कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत.

मधल्या वर्षात आम्ही एक केलं. दर शनिवारी दापोलीला एका तबलजी काकांकडे जायचं. ते आधी महिनाभर तिला गाऊच देईनात. डोळे मिटून ठेका ऐकायचा आणि कुठे आहोत ते सांगायचं. "तिरकिट विसर," ते म्हणायचे, "त्याच्या मागे काय येतं ते ऐक. डग्गा मुका असेल तर सम लांब आहे. डग्गा बोलला तर समेला ये." 'तू ना' वेळी डग्गा वाजत नाही, 'धी ना' वेळी वाजतो. इतकी वर्षं एकताल गाऊन हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पावसाळ्यात चामडं सर्दावून तबला उतरायचा, काका हातोडीने पुन्हा पुन्हा चढवायचे आणि तेवढ्या वेळात तिने तानपुरा जुळवायचा. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेत तिला प्रवेश मिळाला.

दापोली, मंडणगड, खेड, गुहागर भागात तबला वाजवणारी चांगली माणसं आहेत, पण ती भजनाला आणि उत्सवाला बोलावली जातात, शिकणाऱ्या मुलांना मिळत नाहीत. गावोगावच्या उत्सव समित्यांना माझी विनंती आहे: उत्सवाच्या खर्चात एक रक्कम अशी धरा, जिच्यातून तबलजीला वर्षभराची बिदागी मिळेल आणि तो आठवड्यातून एकदा देवळात मुलांबरोबर बसेल. आणि उत्सवात एक सकाळ फक्त त्या मुलांच्या ख्यालासाठी राखून ठेवा.