मूतखड्याचा शोध

आपल्या भोपाळचा उन्हाळा कडक. वैशाखात पारा 40 अंशांवर चढतो, घामावाटे अंगातील पाणी निघून जाते, आणि तितके पाणी प्यायले नाही तर मूत्र दाट होऊन त्यातील क्षारांचे स्फटिक जमू लागतात. मूतखड्याचा आरंभ पुष्कळदा असाच होतो. मूत्रपिंडात तो मुकाट्याने बसून राहील; पण जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंदीच्या मूत्रवाहिनीत अडकला, की कुशीतून जांघेकडे अशी काही कळ येते, की धट्टाकट्टा मनुष्यही गडबडा लोळतो.

सुश्रुताने या विकारास ‘अश्मरी’ म्हटले व खडा शस्त्राने काढण्याची रीतही सांगितली. मात्र मूत्राशयातील खडा त्यास बोटांनी चाचपून शोधावा लागे; त्याहून वरचा कळणार कसा? 1895 साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीर न चिरता आत डोकावता येऊ लागले. तथापि क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे अखेर सावलीच! हाडे, आतड्यातील वायू आणि खडा तीत एकमेकांवर येतात. शिवाय कॅल्शियमचा खडा सावली पाडतो, निव्वळ यूरिक आम्लाचा बहुधा पाडतच नाही. रोगी तळमळत असतो, आणि चित्र स्वच्छ!

ही अडचण सीटी स्कॅनने दूर केली. हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या या यंत्राने 1971 साली लंडनमध्ये प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. यात किरणांची नळी रुग्णाभोवती फिरून अनेक दिशांनी मोजमापे घेते व संगणक त्यांवरून शरीराचे आडवे छेद मांडतो. काकडीच्या चकत्याच म्हणा ना. प्रत्येक ठिपक्यास घनतेचा अंक मिळतो: हवा उणे 1000, पाणी 0. यूरिक आम्लाचा खडा साधारणतः 500 च्या आत असतो, कॅल्शियमचा पुष्कळदा 1000 च्या पुढे. हा अंक मोलाचा आहे. कारण यूरिक आम्लाचा खडा मूत्राची आम्लता उतरविणाऱ्या औषधाने विरघळू शकतो व रुग्णाची शस्त्रक्रिया टळू शकते. खड्याचे माप व ठिकाणही कळते. 5 मिलिमीटरहून लहान खडा बहुधा आपोआप पडतो. मात्र वाट अडलेली असता थंडी वाजून ताप आला, तर प्रसंग प्राणावरचा समजावा.

या किरणांची मात्रा साध्या चित्राहून बरीच अधिक असते. म्हणून मुलांची व गर्भवती स्त्रियांची तपासणी आधी सोनोग्राफीने, ध्वनिलहरींच्या साह्याने करतात. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा तीत कधीकधी सापडत नाही. अशा वेळी मुलांच्या बाबतीत सीटीचा विचार होतो, आणि तोही किरणांची मात्रा शक्य तितकी उतरवून.