गाळणी कोणती निवडावी? पाण्याच्या शुद्धीचा एक पाठ

आपल्या निवासी विद्यालयाच्या भोजनगृहाबाहेर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेले जलशुद्धीकरण यंत्र उभे आहे. त्यावर ‘शुद्ध जल’ अशी पाटी आहे. तीन वर्षांपूर्वी त्या पाटीवर विसंबून माझ्या हातून एक चूक घडली. पाण्याची चव बिघडली म्हणून दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. त्याने सर्व गाळण्या बदलल्या, मी देयकावर सही केली आणि निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी आठवीच्या एका विद्यार्थिनीने प्रयोगशाळेतील टीडीएस मीटर सहज नळाखाली धरला. यंत्रात जाणाऱ्या पाण्याचा आकडा होता ७८० आणि बाहेर येणाऱ्याचा ६४०. यंत्र चालू होते, दिवा लागत होता, पाटीही जागेवर होती. शुद्धीकरण मात्र जवळजवळ होत नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाने गाळण्यांविषयी लिहावे, याचे पहिले कारण ही चूक होय.

दुसरे कारण इतिहासातच आहे. ‘शुद्ध पाणी’ या दोन शब्दांनी आपल्या समाजाला फार छळले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचे जाहीर केले. तरीही ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दही, दूध ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. ज्या तळ्यात गुरेढोरे पाणी पीत होती, ते माणसाच्या स्पर्शाने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले, असा तो विचार होता. न्यायालयीन लढ्याचा अखेरचा निकाल १९३७ मध्ये आपल्या बाजूने लागला.

याच्या नेमकी उलट शुद्धीची कल्पना बौद्ध परंपरेत आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि आठवे पाणी गाळण्याचे साधन, म्हणजे परिस्सावन, यांचा समावेश होतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू प्रवासात होते. त्यांच्यात बेबनाव झाला. एकाने मागितली असता दुसऱ्याने आपली गाळणी दिली नाही आणि मागणारा तहानेने मरण पावला. तेव्हा तथागतांनी नियम घालून दिला की, प्रवासात गाळणी मागणाऱ्याला ती नाकारू नये, गाळणीवाचून प्रवासास निघू नये आणि गाळणी नसल्यास संघाटीच्या पदराने पाणी गाळून घ्यावे. पाणी कोणी स्पर्शिले हा प्रश्न येथे नाही. पाण्यात काय आहे, हा प्रश्न आहे. गाळणी बदलताना आपणही हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

पहिली पायरी : पाणी ओळखा

गाळणी विकत घेण्यापूर्वी आपल्या पाण्यात काय आहे, ते जाणून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करून घेता येते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजेच टीडीएस, ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावेत. अन्य स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १ मिलिग्रॅम आणि कमाल १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, तर नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने दात आणि हाडे बाधित होतात. टीडीएस मीटर फ्लोराइड वेगळा दाखवीत नाही, जंतू तर मुळीच दाखवीत नाही. म्हणून मीटर हा प्रयोगशाळेला पर्याय नव्हे.

नगरपालिकेच्या नळाला कमी क्षारांचे पाणी येत असेल, तर घरी आरओ यंत्राची गरजच नसते. अशा यंत्रात एक लिटर पाणी मिळविताना सामान्यतः दोन ते तीन लिटर वाया जाते. तेथे गाळ, क्लोरीन आणि जंतू यांचा बंदोबस्त पुरेसा होतो.

दुसरी पायरी : प्रत्येक गाळणीचे काम वेगळे

गाळाची गाळणी माती, रेती, गंज अडवते. सामान्यतः ती ५ मायक्रॉनची असते. पाण्याची धार मंदावली की ती तुंबली असे समजावे. पावसाळ्यात ती लवकर भरते.

कार्बनची गाळणी क्लोरीन, वास आणि रंग शोषून घेते. क्षार किंवा फ्लोराइड ती काढीत नाही. क्लोरीनचा वास पुन्हा येऊ लागला की तिची क्षमता संपली. ती वेळेवर बदलली नाही तर क्लोरीन पुढच्या पडद्यास इजा करतो. शेकड्यांच्या बचतीपायी हजारोंचे मेंब्रेन गमावले जाते, ते असे.

मेंब्रेन विरघळलेले क्षार अडवते. त्याची परीक्षा साध्या त्रैराशिकाची आहे. आत जाणारे पाणी ६०० आणि बाहेर येणारे ६० असेल, तर नव्वद टक्के क्षार अडले. तोच आकडा १८० झाला, तर केवळ सत्तर टक्के अडले आणि मेंब्रेन बदलण्याची वेळ आली.

अतिनील दिवा जंतू मारतो, परंतु गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात. हा दिवा निळसर दिसत राहिला तरी सुमारे वर्षभराने त्याची शक्ती घटते. म्हणून तो डोळ्यांनी पाहून नव्हे, तारीख पाहून बदलावा.

तिसरी पायरी : खरेदी आणि जोडणी

जुनी गाळणी सोबत नेऊन लांबी, जाडी आणि मायक्रॉनचा आकडा जुळवून घ्यावा. मेंब्रेनची क्षमता यंत्राच्या पंपाशी जुळणारी असावी. उत्पादकाचे नाव आणि तारीख नसलेला माल स्वस्त असला तरी घेऊ नये. जोडताना रबरी कड्या तपासाव्यात. आमच्या यंत्रात दोष तेथेच होता. नव्या मेंब्रेनची कडी नीट बसली नव्हती आणि कच्चे पाणी कडेने निसटून शुद्ध पाण्यात मिसळत होते. काही रुपयांची ती कडी बदलताच आकडा ७० वर आला. नवीन कार्बन आणि मेंब्रेन बसविल्यावर सुरुवातीचे पाणी टाकून द्यावे. बदलाची तारीख गाळणीवरच लिहावी आणि कारागीर निघण्यापूर्वी दोन्ही आकडे त्याच्यासमक्ष मोजावेत.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी प्रवाळ आणि सागरी मासे पाळलेली टाकी आहे. त्याने सांगितले की, तो मेंब्रेननंतर आणखी एक रेझिनची गाळणी लावून टीडीएस शून्यावर आणतो आणि मग मोजून समुद्री मीठ मिसळतो. कारण नळाच्या पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेटने टाकीत शेवाळ माजते आणि तांब्याचा अंशही प्रवाळांना मारक ठरतो. प्रवाळांना शून्य आकडा योग्य आहे, माणसाला त्याची आवश्यकता नाही. शुद्धीचे माप पिणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. त्या टाकीची रोज नोंद ठेवली जाते, हे ऐकून मी ओशाळलो. आपल्या वसतिगृहातील लेकरांच्या पाण्याची नोंद आम्ही ठेवीत नव्हतो.

आता ती ठेवतो. दर सोमवारी दोन विद्यार्थी दोन्ही आकडे फलकावर लिहितात. ‘शुद्ध जल’ ही पाटी आम्ही काढली नाही, तिच्या शेजारी तो फलक टांगला. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही कालाम सुत्ताची शिकवण आम्ही वर्गात शिकवीत आलो. एका मुलीने ती नळाखाली आचरणात आणली. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एवढीच आहे की, विद्यालयात आलात तर पाणी पिण्यापूर्वी तो फलक अवश्य वाचा, आणि आकडा चुकलेला दिसला तर मला जाब विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!