मालगुजाराचा वाडा

इटियाडोहच्या आसपासच्या गावांत अजून काही जुने मालगुजारी वाडे उभे आहेत. त्यांतला एक पाहायला आम्ही वर्गाची मंडळी एका रविवारी शिदोरी बांधून गेलो. त्या घरात आजही माणसे राहतात, म्हणून गावाचे नाव इथे घालत नाही.

मालगुजार म्हणजे कोण? गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी अशा माणसांना गावाची मालकीच देऊन टाकली. काल जो वसुली करीत होता, तो आज धनी झाला!

वाड्याचे जोते दगडी, भिंती मातीच्या, चांगल्या दीड हात जाड. सागाचे खांब. वर कवेलू. दरवाजा एवढा, की धानाने भरलेली बंडी सरळ आत जावी. आत अंगण आणि समोर ओसरी. ओसरी अंगणापासून कंबरेइतकी उंच आहे. तिथे दिवाणजी वह्या घेऊन बसत. रयत खाली उन्हात उभी. वर बसणारा खाली पाही, खालच्याला मान वर करावी लागे. बांधणाऱ्याने हे नकळत केले असेल, असे काही आम्हांला वाटत नाही.

आमच्याबरोबर ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. त्या पायरी चढेनात. लहानपणी आईबरोबर त्या इथे धान कांडायला येत, पण मागल्या दाराने. घरच्या सूनबाई बाहेर आल्या. "या ना माय, वर बसा जी," म्हणाल्या आणि हाताला धरून त्यांना वर घेतले. चहा झाला. आजी खांबाला हात लावून बराच वेळ बसून होत्या.

मागच्या सोप्यात धानाच्या ढोल्या आहेत. आता रिकाम्या. छपराचा एक भाग पडला आहे. एवढे घर शाकारायला आज कुणाला परवडते?

वाड्यामागे तलाव आहे. आम्हांला विचाराल, तर खरे पाहण्याजोगे तेच. वाड्यातल्या साऱ्या ढोल्या या पाण्याने भरल्या. मातीची लांब पार, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचे पाणी निघून जायला सलंग. ना सिमेंट, ना यंत्र. पावसाचे पाणी अडवायचे आणि पाटाने बांधीबांधीत न्यायचे. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण 1970 साली झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या झाडीपट्टीत असे हजारो तलाव होते. जो तलाव बांधील त्याला भिजेल तेवढी जमीन, असा हुकूम चांद्याचा गोंड राजा हिरशहा याने काढला होता, असे सांगतात. या कामात कोहळी लोक मोठे वाकबगार. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांचा. लोकांनी त्यांना पुढे देव मानले. तिथल्या डोंगरावर कोलासुराचे ठाणे आहे. पण माती वाहणाऱ्या हातांची नावे कुठल्या डोंगरावर नाहीत.

मालगुजारी गेली ती 1950 च्या कायद्याने. 31 मार्च 1951 पासून तो लागू झाला. तेव्हा आपला भाग मध्यप्रदेशात होता. राहते घर आणि घरची शेती मालगुजाराकडे राहिली. जंगल, पडीत, वाटा आणि गावाचे तलाव सरकारकडे आले.

मग गावाचा हक्क कोणता? तो कागदावर आहे. गुरे कुठे चारावीत, सरपण, गवत, माती कुठून न्यावी, ते निस्तारपत्रकात लिहिलेले असते. तलावाचे पाणी, मासे, वाटा यांची वहिवाट वाजिब-उल-अर्ज या कागदात असते. नाव अरबी आहे, घाबरू नका. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल कायद्यात हे दोन्ही कागद सांगितले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाने दावा केला, तर निस्ताराची नोंद पुरावा म्हणून चालते.

तलावाच्या पारीवर शिदोरी सोडली तेव्हा हेच बोलणे निघाले. आपल्या गावच्या पत्रकात काय लिहिले आहे, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. ओसरीवरच्या वह्या दिवाणजी वाचीत आणि बाकीचे ऐकत, तेव्हापासूनची ही गत. तिथेच एकाने पाटी पुढे ओढली आणि नकलेसाठी तहसीलदारांना करायच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. 'निस्तारपत्रक' हा शब्द त्याने तीनदा पुसला. चौथ्यांदा बरोबर आला.